आई-बाबांचा अमेरिकेतला मुक्काम: मुदतवाढ की परत जाऊन येणं?

पासपोर्टवरचा बी-२ (पर्यटक) व्हिसा १० वर्षांचा असला, तरी राहायचं किती हे ठरवते आय-९४ वरची, म्हणजे अमेरिकेत शिरताना होणाऱ्या प्रवेशनोंदीवरची तारीख. बहुधा ६ महिन्यांची. गोंधळ इथेच होतो.

मुक्काम लांबवायचा तर आय-५३९ अर्ज त्या तारखेआधी गेला पाहिजे. निदान ४५ दिवस आधी पाठवा, असं यूएससीआयएस (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) सांगतं. निकाल रखडतो. वेळेत केलेला अर्ज प्रलंबित असेपर्यंत राहता येतं, पण नकार आला की लगेच बॅगा भरायच्या. शिवाय खर्चाची सोय, लांबण्याचं कारण, परतायचा इरादा, सगळं कागदावर दाखवायचं.

वेळेत भारतात जाऊन पुन्हा येणं खर्चिक, गुडघे दुखणाऱ्यांना तर शिक्षाच. पण कागद स्वच्छ राहतात. मध्ये किती महिने हवेत याचा ठरीव नियम नाही; विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. दोनच महिन्यांत परत दिसलात तर उलटतपासणी धरूनच चाला.

मला विचाराल तर बाळंतपण, आजारपण असं ठोस कारण असेल तरच मुदतवाढ मागावी. ‘नातवाला सोडवत नाही’ हे कारण खरं असलं तरी अर्जात फारसं चालत नाही! आणि अर्ज न करता तारीख उलटली, तर तो १० वर्षांचा व्हिसाच बाद होतो.