पोस्टफिक्स-डोव्हकॉटवर ऑफिसचा मेल: चौदा महिने वापरून झाल्यावर

आधी आमचा पसारा सांगतो. वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत व्हॉल्व्हचा कारखाना, अकोट्याला ऑफिस, 160 मेलबॉक्स. हे सगळं बघायला मी एकटा, तेही प्रिंटर, सीसीटीव्ही आणि शेठच्या मुलाचा लॅपटॉप सांभाळून.

जुना मेल सर्व्हर ऑफिसातच होता, तळमजल्यावर जिन्याखाली. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा पाणी आत यायच्या आधी मी आणि शिपाईकाकांनी तो डबा उचलून वर नेला. मग तीन दिवस वीज नाही. फोनवर रस्त्यातल्या मगरींचे व्हिडिओ फिरत होते, ऑफिसला कोण जातोय! शुक्रवारी वीज आली, मशीन चालू केलं आणि लॉगसमोर, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीसमोर, बसलो. थोड्याच वेळात मेल टपकायला लागले. मंगळवारचे, बुधवारचे, काही तर रात्री उशिरा आले. आपला सर्व्हर बंद असला की पाठवणाऱ्याचा सर्व्हर पत्र स्वतःच्या रांगेत ठेवतो आणि थांबून थांबून पुन्हा दार वाजवतो. पोस्टफिक्स या मेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ही मुदत मुळातच 5 दिवसांची असते. शेठचा फोन, "बधा मेल आवी गया?" आले, म्हटलं. बँकांचे ओटीपीसुद्धा आले, तीन दिवस शिळे.

तरी जिन्याखाली पुन्हा ठेवायची हिंमत नव्हती. नोव्हेंबर 2024 मध्ये भाड्याचा सर्व्हर घेतला आणि डेबियन 12 या लिनक्सवर सगळं नव्याने मांडलं: पत्रांची ने-आण पोस्टफिक्सकडे, मेलबॉक्स डोव्हकॉटकडे, स्पॅमची गाळणी आरस्पॅमडीची, ब्राउझरमधून मेल बघायला राउंडक्यूब. चारही फुकट. पोस्टफिक्स 1998 पासून आहे, व्हीत्से व्हेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात असताना लिहिलेलं, आणि चौदा महिन्यांत ते स्वतःहून एकदाही पडलेलं नाही. जे पडलं ते माझ्या हातून.

यायच्या मेलचा त्रास नव्हता. त्रास जायच्या मेलचा. पहिले तीन आठवडे आमची कोटेशनं लोकांच्या स्पॅममध्ये जात होती. सेल्सवाले दर तासाला माझ्या टेबलाशी. एक कारण साधं होतं: आयपीवरून, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावरून, नाव शोधलं की आमचं नाव न येता सर्व्हर भाड्याने देणाऱ्याचं काहीतरी लांबलचक नाव यायचं. ही नोंद, म्हणजे रिव्हर्स डीएनएस, आपल्या हातात नसतो, ज्याचा आयपी त्याच्याकडेच मागावा लागतो. दुसरं कारण, त्या आयपीवर आधीच्या भाडेकरूने काय उद्योग केले होते देव जाणे. स्पॅम पाठवणाऱ्यांच्या दोन ब्लॅकलिस्टवर आधीपासून नाव. अर्ज करून काढलं. तेव्हापासून सर्व्हर घ्यायच्या आधी आयपी तपासतो, जसं जुनं घर घेताना आपण थकलेलं वीजबिल विचारतो.

फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केलेत. एसपीएफ (आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी), डीकिम (पत्रावरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या दोन्हींत नापास पत्राचं काय करायचं ते सांगणारी नोंद) हे तिन्ही दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना सक्तीचे आहेत. आमचे हजारही जात नाहीत, तरी मी तिन्ही लावले. डीकिमची सही आरस्पॅमडीच करतो, वेगळं काही लागलं नाही. फसलो एसपीएफमध्ये. मार्केटिंगने न्यूजलेटरची सेवा घेतली, एचआरने पगारपत्रकाची, सर्व्हिसवाल्यांनी तक्रारींची, आणि प्रत्येकाने सांगितलं की "आमची एवढी एक ओळ तुमच्या एसपीएफमध्ये घाला". घालत गेलो. एसपीएफ तपासताना डीएनएसकडे, म्हणजे इंटरनेटवरच्या नावनोंदींकडे, जास्तीत जास्त 10 फेऱ्या चालतात. अकरावी झाली की सगळा एसपीएफच नापास. आमच्या तेरा झाल्या होत्या, आणि मला ते कळलं डीमार्कचे अहवाल उघडल्यावर, म्हणजे सहा आठवड्यांनी. आता न्यूजलेटर वेगळ्या सबडोमेनवरून जातं. ते आधीच करायला हवं होतं.

मार्चमधली एक सकाळ अजून आठवते. साडेसातला सहज मेलक्यू, म्हणजे जायच्या पत्रांची रांग, बघितली तर शेवटच्या ओळीत अकरा हजार पत्रं. परचेसमधल्या एकाचा पासवर्ड चोरीला गेला होता. कंपनीचं नाव आणि त्यापुढे 123, चोरायची तरी काय गरज होती म्हणा. खातं बंद केलं, पासवर्ड बदलला, रांग साफ केली, पण जी गेली ती गेली आणि चार दिवस आमची पत्रं सगळीकडे रखडली. त्या दिवसापासून एका खात्यातून तासाला शंभरच पत्रं जातात. ही मर्यादा आपली आपणच लावायची असते, कोणी लावून देत नाही.

सर्टिफिकेटचा किस्सा नवरात्रातला. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवणारा दाखला) 90 दिवसांचं, ते आपोआप नवं होतं, झालंही होतं. वेबमेल ठीक. पण रात्री साडेनऊला, गरब्याच्या पासची रांग लागलेली असताना, सगळ्यांच्या फोनवर एकदम इशारा: सर्टिफिकेट संपलंय. फाइल नवी होती, डोव्हकॉट मात्र चालू झाला तेव्हा वाचलेलं जुनंच हातात धरून बसला होता. मैदानाबाहेर स्कूटरवर बसून फोनवरून एक रीलोड दिला आणि संपलं. आता नूतनीकरणाच्या मागेच रीलोडची ओळ जोडलेली आहे.

आरस्पॅमडीवर मी खूश आहे, पण धीर लागतो. त्याचं शिकणं दोनशे चांगली आणि दोनशे वाईट पत्रं दाखवल्याशिवाय कामाला लागत नाही. तोवर चीनच्या सप्लायरची कोटेशनं रोज जंकमध्ये जात होती. पोस्टफिक्सची आकाराची मर्यादाही मुळात साधारण 10 एमबीची असते, आणि जोडलेली फाइल वाटेत एक तृतीयांशाने फुगते, म्हणून 8 एमबीचं ड्रॉइंगसुद्धा परत येतं. डिझाइनवाल्यांना हे पटवण्यापेक्षा मर्यादा वाढवणं सोपं.

लॉगबद्दल एक. आमच्याकडे ते चार आठवड्यांनी पुसले जायचे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार ते 180 दिवस ठेवायचे असतात. मी ते जपायला लागलो ते मात्र एका गिऱ्हाइकाने "तुमचा मेल आलाच नाही" म्हटल्यावर. त्याच्या सर्व्हरने पत्र घेतल्याची वेळ सेकंदासकट दाखवली. पेमेंट आलं.

बॅकअप रोज रात्री, आणि महिन्यातून एकदा कुठलातरी एक मेलबॉक्स खरंच परत आणून बघतो. अकाउंट्सच्या ताईंनी जीएसटीचं अख्खं फोल्डर उडवलं तेव्हा वीस मिनिटांत परत दिलं. त्यानंतर दोन दिवस माझ्या डब्यात ढोकळा.

वेळ किती जातो? सुरुवातीला आठवड्याचे आठ-दहा तास, आता दीड-दोन. दहा-वीस मेलबॉक्स असतील तर या भानगडीत पडू नका, तयार सेवा घ्या. आमच्या संख्येला मात्र दर डोई भाड्याच्या मानाने बरीच बचत झाली, फक्त माझी रजा त्यात धरलेली नाही.

एक काम डोक्यावर आहे. डेबियन 13 ऑगस्ट 2025 मध्ये आलं, त्यात डोव्हकॉट 2.4 आहे, आणि त्याला 2.3 ची जुनी कॉन्फिग (सेटिंगची फाइल) चालत नाही. सगळी नव्याने लिहावी लागते. चाचणीच्या मशीनवर दोनदा लिहून झाली. खऱ्या सर्व्हरवर उत्तरायणला करणार, 14 आणि 15 जानेवारीला. तेव्हा अख्खं बडोदं गच्चीवर असतं, मेल बघायला कोणी नसतं. मीही लॅपटॉप घेऊन गच्चीवरच असेन. घरी अजून सांगितलेलं नाही.