तांदूळ झकास आहे, पण कुत्री त्याने बरी झालेली नाही

बाजारातल्या आमच्या भुसाऱ्याने महिनाभर माझ्यामागे टुमणं लावलं आहे. "माझ्या तांदळाबद्दल चार वळी लिव रे मोबायलात. तुझ्या कुत्र्याचा पण लिव." मालवणात त्याच्याकडून दहा-बारा वर्षं उकडा तांदूळ घेतोय, तेव्हा लिहायला हरकत नाही. पण कुत्र्याचं लिहायचं तर सगळंच लिहीन.

आधी तांदूळ. दुकानाची पाटी पावसाने धुऊन गेलेली आहे, त्यामुळे ती शोधू नका. बाहेरच्या गोणीवर पितळी मापटं उपडं घातलेलं दिसलं की तेच दुकान. त्याच्याकडे दोन प्रकारचा उकडा असतो. एक लालसर, जाड, कोंड्यासकट, आसपासच्या गावांतून येणारा. दुसरा पांढरट, गिरणीतून पॉलिश होऊन आलेला. मी लाल घेतो. टरफलासकट भात कांडण्याआधी पाण्यात भिजवून, उकडून, वाळवला की कोंड्याजवळचं बरंचसं जीवनसत्त्व दाण्याच्या आत उतरतं, म्हणून उकडा पौष्टिक. वासाला थोडा उग्र असतो. मुंबईहून आलेले पाहुणे नाक मुरडतात, त्यांना मुरडू द्यावं. या तांदळाची पेज दाट होते आणि दाणा अख्खा राहून आतून मऊ पडतो. तुपाचा थेंब नि सुक्या बांगड्याचा भाजलेला तुकडा असला की दुपारपर्यंत भूक लागत नाही. किलोला ७० रुपये घेतो. मागच्या पावसात मॉलसारख्या एका दुकानातून चकचकीत पिशवीतला 'उकडा' महाग देऊन आणला होता, त्याची पेज म्हणजे नुसती खळ. आई म्हणाली, कपड्यांना लाव.

तक्रार एकच. खडे. किलोमागे चार-पाच निघतातच, आणि सांगितलं की भुसारी म्हणतो, "खडो गावलो तर परत हाड, बदलून देतंय." खडा बदलून काय घेऊ?

आता तारली.

मी मालवणच्या दांडी किनाऱ्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर झापांनी शाकारून ठेवलेल्या, तेव्हा आमचं काम जोरात. जुलैच्या मधल्या आठवड्यात एका होडीखाली कुईकुई ऐकू आली. खाली वाकून बघतो तर ओलं, मूठभर पिल्लू. दोन दिवस कुणी आई दिसली नाही. पाठीवर चंदेरी झाक आणि अंगात काटेच काटे, म्हणून माशाचं नाव, तारली. दात आलेले होते, डॉक्टरांनी नंतर दीड महिन्याची सांगितली.

भुकेलं पोर म्हटल्यावर आपण काय करतो, तेच मी केलं. वाटीभर म्हशीचं दूध, त्यात पाव कुस्करून. तिने वाटी चाटून उलटी केली. मी खूश, आणखी अर्धी वाटी. पहाटे उठलो तर पडवीभर पिवळं पाणी. सकाळपासून दुपारपर्यंत सहा वेळा.

"म्हशीचा दूध कित्याक घातलंस तिका?" आई म्हणाली. पुढे दिवसभर हेच वाक्य निरनिराळ्या चालींत.

आईचं बरोबर होतं. म्हशीच्या दुधात साखर नि चरबी दोन्ही, आणि आईचं दूध सुटत आलेल्या पिल्लाला दुधातली साखर पचवणं कमी होत जातं. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते नि सगळं खाली वाहतं. शिवाय एका दिवसात पोटात पूर्ण वेगळं अन्न गेलं की चांगल्या पिल्लाचंही बिघडतं. हे मला नंतर कळलं. त्या दुपारी मला फक्त फडकं नि बादली कळत होती.

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या काकी जायफळ घेऊन आल्या, लहान मुलांना उगाळून देतात तसं. कुणी कुड्याची साल सुचवली. औषधांच्या दुकानात गेलो तर काउंटरवरच्या पोराने माणसांची जुलाब थांबवायची गोळी अर्धी तोडून पुडीत बांधून दिली, वजन न विचारता. मी ती देणारच होतो. हात थांबला तो केवळ शेजाऱ्यांच्या म्हशीमुळे. तिच्या वेताच्या वेळचा गुरांच्या डॉक्टरांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. रविवार होता, पाऊस कोसळत होता, तरी त्यांनी उचलला.

त्यांनी आधी औषध सांगितलंच नाही, मला कामाला लावलं. ओठ वर करून हिरड्या बघा: गुलाबी आणि ओल्या आहेत का पांढऱ्या, चिकट? बोटाने दाबून सोडा, पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडा, लगेच बसते का तंबूसारखी उभी राहते? उलट्या? रक्त? सडका वास? नाव घेतल्यावर शेपटी हलते का? तारलीला तिचं नाव अजून माहीत नव्हतं, पण माझ्या चपलेचा पट्टा ती चावत होती, ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मग रात्र काढू शकता. उलट्या सुरू झाल्या, शेणात रक्त दिसलं, किंवा ती खाणं सोडून निपचित पडली तर सकाळची वाट बघू नका, पार्वो (कुत्र्यांचा विषाणूचा रोग) असू शकतो. लस न झालेल्या पिल्लाला तो दोन दिवसांत संपवतो, आणि त्यावर पेज, ताक, जायफळ काही चालत नाही, सलाइनच लागतं.

गोळीचं विचारलं. "अजिबात नको. तुमच्या घरातली क्रोसिनसुद्धा नको." जायफळावरही तेच. माणसाच्या बाळाला चाटवलेलं जायफळ कुत्र्याला बाधू शकतं. काकींना हे सांगताना मी जरा सौम्य भाषा वापरली.

आणि उपाशी ठेवू नका, म्हणाले. मोठ्या कुत्र्याला एक वेळ लंघन चालतं. एवढ्याशा पिल्लाची साखर उतरते नि ते थरथरायला लागतं. दूध बंद, पाणी सतत समोर, आणि मऊ भात थोडा थोडा.

इथे भुसाऱ्याचा तांदूळ रंगमंचावर येतो.

घरात तोच होता. आईने मूठभर घेऊन खडे काढले (तीन), अर्धा तास भिजवला, दहापट पाणी घालून मंद आचेवर ठेवला. मीठ नाही, तूप नाही. तासाभराने दाणा बोटाने चिरडला जाईल इतका शिजला. लाल उकड्यात कोंडा असतो, म्हणून तिने पेज पळीने घोटून गाळणीतून काढली. पहिल्यांदा नुसती वरची निवळ दिली, तीन चमचे. पोटात राहिली. तासाने आणखी. रात्री दहाला घोटलेली पेज दोन चमचे. मधे ओआरएसचं पाणी, चमच्या-चमच्याने. अख्ख्या मोठ्या पुडीला एक लिटर पाणी, पुडीवरचं हे माप मोडायचं नाही. 'पिल्लू लहान म्हणून पाणी कमी' केलंत तर मीठ जास्त होतं. पुडीवर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलंय ना ते बघून घ्या. गोड रंगीत पेयांच्या डब्यांवरचं 'ओआरएस' हे नाव काढायला एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं ते उगाच नाही. आणि 'शुगरफ्री' लिहिलेलं काही कुत्र्याच्या जवळपास नको. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असलं तर थोडंसंही त्याला विषासारखं.

रात्री मी पडवीत झोपलो. तीन वेळा उठवलं तिने. तिसऱ्यांदा मात्र पाण्याऐवजी काहीतरी आकार होता. टॉर्चच्या उजेडात तो बघून मला जो आनंद झाला तो मी लिहून ठेवतो, कुणी हसायचं त्याने हसावं.

सकाळी आधी वजन. कोळणीच्या काट्यावर, प्लास्टिकच्या टोपलीत बसवून. दोन किलोला शंभर ग्रॅम कमी. "काय दर?" म्हणून पलीकडच्या गिऱ्हाइकाने विचारलं. मग रिकाम्या बाटलीत नमुना घेऊन गुरांच्या सरकारी दवाखान्यात. बाहेर दोन बैल, एक बकरी आणि छत्रीखाली मी. डॉक्टरांनी ताप बघितला, नमुना काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली धरला आणि मलाही डोळा लावायला लावला. गोल गोल अंडी. जंत. पोट नगाऱ्यासारखं होतं ते दुधाने फुगलेलं नव्हतं. हे जंत पिल्लाला जन्माआधी आईच्या पोटातच लागतात, दुधातूनही येतात, म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी औषध द्यायचं असतं. माझ्या तारलीला ते कोण देणार होतं, होडी?

वजनावरून मोजून औषध दिलं. दुसऱ्या दिवशी जे बाहेर आलं ते जेवणाच्या वेळी वाचत असाल तर सोडून द्या. त्या दिवसापासून घरी शिरवाळे (तांदळाच्या शेवया) झाले की मी नारळाचा रस तेवढा पितो. डॉक्टरांनी सांगितलं, शेण उचलून पुरा, हात साबणाने धुवा, हे जंत माणसाच्या पोरांनाही त्रास देतात. पडवी फिनेलने धुतली होती ती त्यांना पुरेशी वाटली नाही. पार्वोसाठी ब्लीचिंगचं पाणीच लागतं, तो विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि त्या होडीखाली आधी कोण राहून गेलं होतं हे आपल्याला माहीत नाही.

मी त्यांना तांदळाचं मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं नि म्हणाले, "उकडाच हवा असं काही नाही हो. साधा पांढरा भात मऊ शिजवलात तरी तेच. उलट लालपेक्षा पांढरा बरा, कोंडा कमी." हे वाक्य मी भुसाऱ्याला तीनदा सांगितलं आहे. त्याला ऐकू येत नाही.

पुढचे तीन दिवस पेजेत उकडलेली कोंबडी आली, कातडं-हाड-मीठ काढून, दोन भाग भात नि एक भाग मांस, दिवसातून पाच वेळा, दरवेळी लिंबाएवढा गोळा. लाल भोपळ्याची फोड वाफवून कुस्करून. दुसऱ्या दिवशी तिने टोपलीतल्या सोड्यांवर (सुक्या कोळंबीवर) झडप घातली, पण ते हिसकावले, त्यात मीठ किती असतं ते करणारालाच विचारा. चौथ्या दिवसापासून पिल्लांचं कोरडं खाणं भिजवून, आधी पाव, मग अर्धं, आठवडाभरात पूर्ण. पेजेवर कायम ठेवायचं नाही. वाढत्या पिल्लाला तिच्यात प्रथिनंही पुरेशी नाहीत नि कॅल्शियमही नाही. पोट आठवडाभर नीट राहिल्यावर पहिली लस. महिन्याने दुसरी.

तेव्हा भुसारीदादा, हे घ्या तुमचं. तुमच्या तांदळाने माझ्या कुत्रीला त्या रविवारची रात्र काढून दिली. हलकं, गरम, पोटात राहणारं काहीतरी घरात होतं नि ते चांगलं होतं. जुलाब थांबले ते दूध बंद केल्याने आणि जंत गेल्याने. तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला "आमच्या तांदळान मेलेला कुत्रा उठवला" सांगता ते बंद करा. कुत्री आहे, आणि मेलेली नव्हती. परवा एकजण तुमचं ऐकून रक्त पडणाऱ्या पिल्लासाठी दोन किलो उकडा घेऊन जात होता. त्याला मी वाटेतूनच दवाखान्यात वळवला, म्हणून हे लिहितोय.

माणसांसाठी: पाचपैकी साडेचार तारे, अर्धा खड्यांचा कापला. पावसात घेत असाल तर दोन किलोच्या वर घेऊ नका, गोणी जमिनीवर असते नि तळाच्या तांदळाला दमट वास लागतो. वरचा मागून घ्या. सुटे पैसे न्या. नवा माल दिवाळीनंतर येतो.

तारली आता सात किलो आहे. बाजारात बरोबर आली की उपड्या मापट्याशेजारच्या गोणीवर चढून बसते, आणि भुसारी तिला हाकलत नाही. गिऱ्हाइकांना दाखवतो.