माजघरावर काचेची कौलं: दहा महिन्यांनंतर

साताऱ्यात पेठेत आमचं घर. दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे खिडक्या फक्त पुढे बोळात आणि मागे परसात. मधलं माजघर भर दुपारीही काळोखं. सासूबाई तांदूळ निवडायला ताट घेऊन उंबऱ्याशी बसायच्या, आत खडा कुठला न् दाणा कुठला कळायचं नाही. गेल्या नोव्हेंबरात काम काढलं. तिन्ही ऋतू बघून झाले, आता लिहायला हरकत नाही.

ठेकेदाराचं म्हणणं, सोप्याची भिंत पाडा, सगळं मोकळं होईल. भिंत दोन फुटी, दगडमातीची, आणि तुळयांची तोंडं तिच्यातच बसलेली. इंजिनिअरने हात लावू दिला नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपातही ही भिंत हलली नव्हती, हे सासूबाईंनी ठेकेदाराला दोनदा ऐकवलं.

मग पोटमाळ्याच्या थोड्या फळ्या काढल्या आणि वर उत्तरेच्या उतारावर मंगलोरी कौलांच्या जागी २४ काचेची कौलं घातली. उत्तर का, तर तिकडून ऊन येत नाही म्हणतात. आपल्याकडे ते अर्धंच खरं. सातारा साधारण १७.७ अक्षांशावर, त्यामुळे १० मेच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि ऑगस्ट लागेपर्यंत दुपारचा उत्तरेकडेच असतो. डिसेंबरात उन्हाचा फिकट पट्टा स्वयंपाकघराच्या भिंतीवर उंच चढायचा, छान वाटायचं. मे महिन्यात तोच पट्टा कौलांखाली जमिनीवर, इतका कडक की शहाबादीवर अनवाणी पाय टेकवेना. आधी आतून मांजरपाटाचा पडदा लावला. डोळ्यांवरची तिरीप गेली, पण ऊन काचेतून आत आल्यावर अडवून काय उपयोग, खोली तापायची ती तापलीच. शेवटी कौलांवर बाहेरून शेडनेट टाकली तेव्हा फरक पडला. आठवडाभरात माकडांनी ती ओढून शेजारच्या पत्र्यावर नेली, ते वेगळं.

जानेवारीतली एक गंमत. सकाळी माजघरात टपटप पाणी. गळतंय म्हणून गवंड्याला फोन केला, मग लक्षात आलं, आभाळात ढगाचा पत्ता नाही! चुलीवरच्या पाण्याची वाफ गार काचेला धरून खाली ठिबकत होती. आढ्याखाली भिंतीत एक्झॉस्ट बसवला, थांबलं.

खरी गळती जूनमध्ये झाली. आमची कौलं जुनी, काचेची नवी. खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत आणि वाऱ्याचा पाऊस त्या फटीतून वर चढून आत येतो. सिलिकॉन भरून बघितलं, महिन्याभरात सुटलं. मग काचेच्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना कौलांखालून पत्र्याची पन्हळ सोडली. काम उघडिपीत करावं लागलं, पण त्यानंतरच्या पावसात खाली बादली ठेवावी लागली नाही. कौलं घालण्याआधीच एक काचेचं कौल जुन्या कौलांत बसवून बघा, एवढं मात्र सांगेन.

आता जे कोणी फारसं सांगत नाही ते. भिंतींवर हिरवा ऑइलपेंट होता. तो खरवडून चुना दिला, चिमूटभर नीळ घालून. शिवाय परसदारावरची लाकडी फळी काढून तिथे काच लावली. खर्च किरकोळ, आणि माजघराचा निम्मा उजेड माझ्या मते या दोन कामांचाच. मातीच्या भिंतीला ओल सोडायला वाव मिळाला, कोनाड्यातला कुबट वासही गेला. हे आधी केलं असतं तर २४ ऐवजी १२ कौलांतच भागलं असतं.

दिवसा आता दिवा लागत नाही. सासूबाई माजघरातच तांदूळ निवडतात, फक्त मे महिन्यात दुपारी त्या पुन्हा उंबऱ्याशी जाऊन बसल्या होत्या. गेल्या आठवड्यात माकडाच्या उडीने दोन काचेची कौलं फुटली. तिथे तूर्त साधी मातीचीच घालायला सांगितलीत.