कार्यालयातला पीसी की क्लाउडवरचा सर्व्हर: छोट्या लेखा कार्यालयासाठी तुलना

चार-पाच माणसांच्या लेखा कार्यालयात टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर एका संगणकावर असते, पण काम घरून किंवा अशिलाच्या गोदामातूनही करावे लागते. त्यासाठी एकतर कार्यालयातला पीसी चालू ठेवून बाहेरून त्यावर जाता येते, नाहीतर क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या इंटरनेटवरून वापरायच्या संगणकांवर, विंडोज सर्व्हर भाड्याने घेऊन सर्वांना त्यावर बसवता येते. ही निवड बहुतेक वेळा मासिक दर पाहून केली जाते. माझ्या मते ती मशीन किती तास चालणार आणि एकाच वेळी किती जण बसणार, यावर ठरवावी.

क्लाउडचा मासिक दर साधारणपणे ७३० तासांचा धरलेला असतो. ८ जीबी मेमरीच्या विंडोज मशीनचा दर केवळ हिशेबापुरता ताशी १० रुपये मानला, तर अहोरात्र चालवल्यास ७,३०० रुपये होतात, आणि रोज १० तास याप्रमाणे २५ दिवस चालवल्यास २,५०० रुपये. ही बचत खरी असली, तरी मशीन बंद केल्याने मीटर पूर्ण थांबत नाही, कारण डिस्कचे आणि बॅकअपचे भाडे चालूच राहते. अ‍ॅमेझॉनच्या सेवेत १ फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला (इंटरनेटवरून मशीन गाठण्याच्या क्रमांकाला) ताशी ०.००५ डॉलर, म्हणजे महिन्याला सुमारे ३.६५ डॉलर लागतात, आणि पत्ता कायमचा राखून ठेवला असेल, तर मशीन बंद असतानाही ते लागतात. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअरवर तर विंडोजच्या स्टार्ट मेनूतून शटडाउन केले तरी मशीनचे भाडे चढत राहते. ते थांबवण्यासाठी अ‍ॅझ्युअरच्या पोर्टलवरून (नियंत्रणाच्या संकेतस्थळावरून) मशीन बंद करावे लागते. वर्षभराच्या बांधिलकीवर मिळणारी सवलत दिवसातून दहाच तास चालणाऱ्या मशीनला सहसा परवडत नाही. वर १८ टक्के जीएसटी आहेच, पण नोंदणीकृत कार्यालयाला एरवी त्याचे क्रेडिट मिळते.

अंदाज खरा चुकतो तो परवान्यांत. विंडोज सर्व्हरवर मुळात एका वेळी दोनच रिमोट सत्रे (दुरून केलेल्या जोडण्या) मिळतात आणि तीही देखभालीसाठी असतात. रोजच्या कामाला प्रत्येक माणसामागे रिमोट डेस्कटॉपचा वेगळा परवाना लागतो. ती सेवा बसवल्यावर १२० दिवस परवान्याविना सारे सुरळीत चालते, आणि मग एका सकाळी कोणालाच आत जाता येत नाही. टॅलीचा बहुवापरकर्ता गोल्ड परवाना मात्र अनेकांनी एकदम काम करायचे असल्यास दोन्हीकडे लागतोच, म्हणून तो तुलनेतून वगळलेला बरा.

कार्यालयातलाच पीसी ठेवायचा असेल, तर विंडोजचे स्वतःचे रिमोट डेस्कटॉप आणि एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा रस्टडेस्कसारखे प्रोग्रॅम यांतून निवड करावी लागते. विंडोजचे साधन फुकट आणि वेगवान आहे, पण त्यासाठी पीसीवर प्रो आवृत्ती हवी, कारण होम आवृत्ती बाहेरून जोडून घेत नाही. शिवाय एका वेळी एकच माणूस बसू शकतो. काम चालू असताना कार्यालयातला पडदा कुलूपबंद राहतो, ही त्याची जमेची बाजू. एनीडेस्क पडदा जसाच्या तसा दाखवते, त्यामुळे टेबलाजवळून जाणाऱ्यालाही अशिलाचा ताळेबंद दिसू शकतो. एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअरची फुकट आवृत्ती खासगी वापरापुरतीच असते. रस्टडेस्क मुक्तस्रोत आहे आणि त्याचा सर्व्हर स्वतःचा ठेवता येतो, मात्र तो सांभाळणारा माणूस हवा.

डिजिटल स्वाक्षरीचा टोकन, म्हणजे स्वाक्षरी साठवलेले यूएसबी उपकरण, कुठे राहणार, हा प्रश्न आमच्या क्षेत्रात निर्णायक ठरतो. टोकन कार्यालयातल्या पीसीला लावलेला असेल, तर विंडोजच्या रिमोट सत्रात तो दिसतच नाही; ते सत्र तुमच्या हातातल्या लॅपटॉपला लावलेला टोकन पुढे पाठवते. एनीडेस्कमध्ये याच्या उलट, कार्यालयातला टोकन तसाच चालतो. क्लाउडवर टोकन लावायला यूएसबीचे छिद्रच नसल्याने तो स्वाक्षरी करणाऱ्याजवळ असणे भाग आहे.

त्यामुळे बाहेरून एकाच वेळी एकच जण बसत असेल, तर क्लाउडचा खर्च करू नये. प्रो विंडोजचा पीसी, चांगला यूपीएस आणि वीज परतल्यावर पीसी आपोआप सुरू करणारी बायोसमधली (पीसी सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रणालीतली) सोय एवढ्यावर भागते. एका वेळी तिघे किंवा अधिक बसणार असतील, अथवा महावितरणची वीज तासन्‌तास जात असेल, तर परवान्यांसह क्लाउड घ्यावा; अ‍ॅमेझॉनचे केंद्र मुंबईत आणि अ‍ॅझ्युअरचे पुण्यात असल्याने वेगाची चिंता नाही. मार्ग कोणताही निवडला, तरी विंडोजचे ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपच्या जोडणीचे दार) थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नये. आधी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा खासगी सुरक्षित मार्ग, घ्यावे आणि त्याचा खर्चही अंदाजपत्रकात पहिल्यापासूनच धरावा.