निळ्या रंगाखाली पाण्याचा पाइप

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत माझी फॅब्रिकेशनची लहान शेड आहे. दिवाळीनंतर नवा कंप्रेसर घेतला आणि शेडभर हवेची लाइन टाकायला काढली. जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचं कोटेशन हातात होतं. तेवढ्यात ओळखीतून एक ठेकेदार आला. म्हणाला, "भाऊ, जीआय आतून गंजतो, तो गंज तुमच्या स्प्रे गनमध्ये येतो. हा बघा खास एअर लाइनचा पाइप, दहा किलोचा." दहा किलो म्हणजे चौरस सेंटीमीटरला तेवढा दाब सोसणारा. गंजाचं त्याचं म्हणणं खरंच होतं, म्हणून पुढचंही मी खरं मानलं. भाव जीआयच्या जवळपासच लावला. बिलावर फक्त 'एअर लाइन पाइप, १० किलो'. कंपनीचं नाव नाही, आयएस, म्हणजे भारतीय मानकाचा नंबर नाही. मी विचारायला हवं होतं.

मे महिन्यात भर दुपारी कंप्रेसरजवळचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, फुटला. दाबाचा काटा आठ किलोवर होता. आधी गळती नाही, फुसफुस नाही, एकदम स्फोट. ग्राइंडिंगवाला पोरगा नुकताच चहाला उठला होता. त्याच्या स्टुलामागच्या प्लायवूडमध्ये बोटभर लांब, सुरीसारखी चीप रुतली होती. पक्कडीने ओढून काढली. एक बाजू निळी, बाकी सगळी करडी. त्या रात्री मला झोप लागली नाही.

उरलेला पाइप ब्लेडने हलकेच खरवडला. निळ्या रंगाखाली छापलं होतं आयएस ४९८५. म्हणजे पाण्याचा पीव्हीसी! त्यावरचे दहा किलो हे पाण्यासाठी आणि २७ अंश तापमानाला. आपल्या बडोद्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली काय होत असेल? त्यात कंप्रेसरमधून हवा गरमच निघते. पाइप तापला की त्याची ताकद उतरते. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पाइप तडकला की दाब लगेच पडतो. दाबलेली हवा मात्र फुगत सुटते आणि तुकडे गोळीसारखे फेकते. अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा संस्थेने १९८८ सालीच जमिनीत न पुरलेल्या, उघड्या हवेच्या लाइनला पीव्हीसी वापरू नका असं बजावलं होतं. माझ्या ठेकेदाराला हे माहीत नसेल, पण छाप झाकायचं त्याला बरोबर कळत होतं.

"तुम्हीच प्रेशर वाढवलं असणार," एवढं बोलून त्याने फोन उचलणं बंद केलं. पैसे आजही अडकलेले आहेत.

आता आयएस १२३९ चा मीडियम जीआय टाकला. त्यावर निळा पट्टा असतो, हलक्यावर पिवळा. लाइनला उतार दिला, शेवटी साचलेलं पाणी काढायला ड्रेन कॉक, पाणी आत उतरू नये म्हणून प्रत्येक फांदी वरच्या बाजूने काढली, गनआधी फिल्टर. गंजाचा प्रश्न तेवढ्याने बराचसा सुटतो. ऐपत असेल त्यांनी ॲल्युमिनियमची लाइन घ्यावी.

तुमच्या शेडमध्ये रंगवलेला प्लास्टिकचा पाइप असेल तर आधी कंप्रेसर बंद करा, टाकीतली हवा पूर्ण सोडा आणि मगच ब्लेड घेऊन खरवडून बघा. ४९८५ किंवा सीपीव्हीसीचा (गरम-थंड पाण्याच्या प्लास्टिक पाइपचा) १५७७८ दिसला तर कंप्रेसर पुन्हा चालू करू नका.