रेजमध्ये रेपियर: बार्बेरियन-रोग बिल्ड काही महिने खेळवल्यावर

संतापाने लाल झालेला बार्बेरियन आणि सावलीतून वार करणारा रोग (rogue, चोरट्या लढवय्याचा क्लास) एकाच पात्रात कोंबायचे म्हटले की टेबलावर आधी हसू येते. पण डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या रोल-प्लेइंग खेळाच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४ चे नियम) स्नीक अटॅकसाठी (रोगचे जादा डॅमेज) शस्त्र फिनेस (स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी, कशानेही चालणारे) किंवा रेंज्ड (दुरून मारायचे) असावे एवढीच शस्त्राची अट आहे. हल्ला डेक्स्टेरिटीनेच करा, असे कुठेही लिहिलेले नाही. रेपियर फिनेस आहे. तो स्ट्रेंग्थने चालवला की रेजचे (बार्बेरियनच्या संतापाचे) +२ डॅमेज मिळते, रेकलेस अटॅकचा (बेधडक हल्ल्याचा) ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा घेणे) मिळतो आणि त्या ॲडव्हांटेजवर स्नीक अटॅकही बसतो. हा मुद्दा डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) पहिल्या सेशनआधीच नियम उघडून दाखवावा. ऐन लढाईत वाद नको.

आकडे असे. पॉइंट बायचे (क्षमता विकत घ्यायचे) २७ गुण स्ट्रेंग्थ १५, डेक्स्टेरिटी १४, कॉन्स्टिट्यूशन १४, विस्डम १२ आणि उरलेल्या दोन्ही ८ यात बरोबर संपतात. मल्टिक्लाससाठी (एका पात्रात दोन क्लास) स्ट्रेंग्थ आणि डेक्स्टेरिटी दोन्ही किमान १३ लागतात, ती अट यात सहज निघते. पात्राचा वंश हाफ-ऑर्क घेतला तर स्ट्रेंग्थ १७ आणि कॉन्स्टिट्यूशन १५ होते; चौथ्या लेव्हलला दोन्हींत एकेक वाढवले की १८ आणि १६.

सुरुवात बार्बेरियननेच करावी. रोगने सुरुवात करून नंतर बार्बेरियन घेतला तर ढाल आणि मार्शल शस्त्रे मिळतात, पण मीडियम आर्मर मिळत नाही, आणि त्याची उणीव रोज जाणवते. ब्रेस्टप्लेट आणि डेक्स्टेरिटी १४ मिळून एसी (शत्रूच्या वाराने गाठायचा आकडा) १६ होतो, शिवाय स्टेल्थला डिसॲडव्हांटेज (दोन फाशांतला छोटा घेणे) नाही. हाफ प्लेटने एसी १७ होतो, पण मग लपणे विसरा. सलग पाच लेव्हल बार्बेरियन, नंतर रोग. दुसऱ्याच लेव्हलला रोग घ्यायचा मोह बहुतेकांना होतो. त्यात एक्स्ट्रा अटॅक (टर्नला दुसरा वार) लांबतो, आणि बाकीची पार्टी दुप्पट मारू लागते त्या नेमक्या टप्प्यावर हे पात्र मागे पडते.

आता डॅमेज. आठव्या लेव्हलला (५ बार्बेरियन, ३ रोग) दोन्ही वार लागले तर सरासरी २८: प्रत्येक वाराचे साडेदहा आणि स्नीक अटॅकचे ७. नेम ६५ टक्के धरला तर ॲडव्हांटेजवर दोनपैकी एक तरी वार लागण्याची शक्यता ९८.५ टक्के निघते, म्हणजे स्नीक अटॅक जवळपास कधीच वाया जात नाही. तरीही ग्रेट वेपन मास्टर (जड शस्त्रांचे फीट, म्हणजे खास कसब) घेतलेला निखळ बार्बेरियन आकड्यांत पुढेच राहतो. नुसत्या डॅमेजसाठी हे बिल्ड घेऊ नये.

खरी मजा ॲथलेटिक्समध्ये आहे. रोगच्या पहिल्या लेव्हलची एक्स्पर्टीज (कौशल्याची प्रोफिशियन्सी दुप्पट) तिथेच लावायची. आठव्या लेव्हलला ॲथलेटिक्स +१० होते आणि रेजमुळे त्यावर ॲडव्हांटेज. डावा हात रिकामा हवा, म्हणजे ढाल नाही. पहिल्या वाराऐवजी ग्रॅपल (पकड), दुसऱ्याऐवजी शव्ह (ढकलणे) करून शत्रूला प्रोन (आडवे) पाडायचे. ग्रॅपलमध्ये वेग शून्य, त्यामुळे त्याला उठता येत नाही. पुढच्या टर्नपासून प्रोनमुळेच ॲडव्हांटेज मिळतो, म्हणून रेकलेस अटॅक बंद करायचा. रेकलेस अटॅकच्या बदल्यात अंगावर येणाऱ्या प्रत्येक हल्ल्याला ॲडव्हांटेज देणे हीच या बिल्डची सर्वांत महागडी सवय, आणि ती अशी सुटते. मात्र प्रोन शत्रूवर दुरून मारणाऱ्याला डिसॲडव्हांटेज लागतो. पार्टीत तिरंदाज असेल तर आधी त्याच्याशी ठरवा.

ओढून नेणे तर आणखी भारी. फास्ट मूव्हमेंटमुळे वेग ४० फूट, शत्रूला ओढताना निम्मा म्हणजे २०. रेज आधीच चालू असेल तर कनिंग ॲक्शनमधून (रोगची, टर्नच्या एकमेव बोनस ॲक्शनवर चालणारी) डॅश, म्हणजे जादा धाव, घेऊन ४०. ड्रुइडने स्पाइक ग्रोथ (जमिनीवर काटे उगवणारा स्पेल) टाकला असेल, तर कडेकडेने चालत शत्रूला त्यातून खेचायचे: दर ५ फुटांना २डी४ (चार बाजूंचे दोन फासे), ४० फुटांत सरासरी ४० डॅमेज. स्वतःचा पाय आत पडलाच तर रेज निम्मे झेलतो. एक खाच आहे. नुसते ग्रॅपल रेज टिकवते का, यावर डीएमांचे एकमत नसते. प्रत्येक टर्नला एक तरी रेपियरचा वार करावा, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

सबक्लासमध्ये (क्लासची पोटशाखा) बार्बेरियनचा बेअर टोटेम (रेजमध्ये जवळपास सगळे डॅमेज निम्मे) डोळे झाकून घ्यावा. रोग ५ ला अनकॅनी डॉज आला की एखाद्या हल्ल्याचे २८ डॅमेज आधी १४ आणि रेजिस्टन्सने ७ होते. हे एका राउंडला एकाच हल्ल्यावर चालते आणि रिॲक्शन (दुसऱ्याच्या टर्नला करायची एकच कृती) खाते, त्यामुळे झुंडीसमोर त्याचा फारसा उपयोग नाही. रोगकडून थीफ बरा, कारण चढताना जादा हालचाल खर्च होत नाही. आर्केन ट्रिकस्टर नकोच. रेजमध्ये स्पेल टाकता येत नाही आणि चालू स्पेलवरचे कॉन्सन्ट्रेशनही टिकत नाही. स्वॉशबकलर इनिशिएटिव्हला करिस्मा जोडतो, आणि इथे करिस्मा ८ आहे!

अडचणी ठरावीक ठिकाणी येतात. पहिल्या राउंडला रेजच बोनस ॲक्शन खाते, म्हणून कनिंग ॲक्शन दुसऱ्या राउंडपासून धरावी. बार्बेरियन पाचवर थांबल्यामुळे दिवसाला रेज तीनच, आणि चौथ्या लढाईत हे पात्र अर्धे उरते. लार्ज आकारापेक्षा मोठ्या शत्रूला पकडता येत नाही, भुते ग्रॅपलला दाद देत नाहीत, आणि मिस्टी स्टेप (क्षणात दुसरीकडे नेणारा स्पेल) असलेला जादूगार हातातून निसटतो. विस्डम सेव्ह (मनावरचा स्पेल झटकण्याचा फासा) तर उघडी जखमच: होल्ड पर्सन (जागीच खिळवणारा स्पेल) बसला की सगळा डाव आडवा. रोग ८ ला रेझिलिअंट हे फीट घेऊन विस्डमची प्रोफिशियन्सी भरून काढावी.

२०२४ च्या नियमांत हेच बिल्ड उचलून नेऊ नये. तिथे ग्रॅपल करायला गेल्यावर शत्रू सेव्ह करतो आणि त्याचा डीसी (सेव्हने गाठायचा आकडा) ८ + स्ट्रेंग्थ + प्रोफिशियन्सी असतो, त्यामुळे पकडताना ॲथलेटिक्सची एक्स्पर्टीज कामाला येत नाही. उलट रेकलेस अटॅकचा ॲडव्हांटेज आता पुढच्या टर्नपर्यंत टिकतो, म्हणून अपॉर्च्युनिटी अटॅकवरही (शत्रू दूर जाताना मिळणारा वार) स्नीक अटॅक मिळू शकतो. तिथे हात रिकामा ठेवण्यापेक्षा ढाल घेतलेली बरी.