काचेच्या पेटीतले जेरेमी बेंथम : लंडनमध्ये जरूर पाहावे असे

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या स्टुडंट सेंटरमध्ये काचेच्या पेटीत खुर्चीवर बसलेले इंग्रज तत्त्वज्ञ आणि कायदेसुधारक जेरेमी बेंथम (१७४८–१८३२) विनामूल्य पाहता येतात आणि कायद्याच्या अभ्यासकाने हे दर्शन चुकवू नये, असे मला मनापासून वाटते. मृत्युपत्रातील इच्छेनुसार त्यांच्या देहाचे विच्छेदन झाले आणि गवताचे भरण घालून सांगाड्यावर त्यांचेच कपडे चढवले गेले. सोबत त्यांची आवडती काठी आहे, चेहरा मात्र मेणाचा, कारण खरे शिर टिकवण्याचा प्रयोग फसला. मृत्यूनंतरही देह लोकांच्या उपयोगी पडावा, हा हट्ट त्यांच्या उपयुक्ततावादाशी, म्हणजे जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख साधते ते योग्य या विचाराशी, किती सुसंगत होता, हे समोर उभे राहिल्यावर उमगते. न्यायाधीशांच्या निवाड्यांत विखुरलेला कायदा सामान्य माणसाला समजेल अशा संहितेत बांधावा, हा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला. मेकॉलेच्या मसुद्यातून १८६० साली आलेल्या भारतीय दंड संहितेवर त्याची छाप आहे. नैसर्गिक हक्कांना, म्हणजे माणसाला जन्मतःच असतात असे मानल्या जाणाऱ्या हक्कांना, त्यांनी दिलेला नकार मला पटत नाही, कारण बहुसंख्यांच्या सुखाच्या हिशेबात एकटा माणूस भरडला जाऊ शकतो. पण प्राण्यांना वेदना होतात का, हा प्रश्न त्यांनी ‘अॅन इंट्रोडक्शन टू द प्रिन्सिपल्स ऑफ मॉरल्स अँड लेजिस्लेशन’ या १७८९ च्या ग्रंथात विचारला, याबद्दल आदरच वाटतो. पेटी पाहायला थोडाच वेळ लागतो. त्या ग्रंथाचे पहिले प्रकरण तेवढे आधी वाचून जावे.